मायनसमधला धक्का

डिझेल संपलं नव्हतं. संपेल, एवढंच मी म्हणाले होते,
आणि त्यावरून सकाळपासून आम्ही दोघं बोलत नव्हतो.
केत्तूर मागं पडलं. रेल्वेचा भोंगा तेवढा
पाण्यावरून येत राहिला थोडा वेळ,
मग नुसतं मे महिन्याचं पांढरं पाणी,
डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत चकाकणारं.

उजनी मायनसमध्ये गेली की
धक्का काठावरच कोरडा राहतो,
हे बोट भाड्यानं देणाऱ्या पोरानं सांगितलं नव्हतं.
सिमेंटच्या पायऱ्या दिसल्या, त्यांवर दोन शेरडं रवंथ करत.
वर पाटी, पाटीवर हंसाच्या बोटीचं चित्र,
मान तेवढी उरलेली.
आणि खूप खाली, एक विडी ओढून संपेल इतक्या अंतरावर,
निळ्या पिंपांवर बांधलेल्या फळ्या,
फळ्यांवर खुर्ची, खुर्चीला बांधलेली छत्री,
छत्रीखाली चांगुणा मल्लाव.

"मोटर बंद करा आधी," ती ओरडली,
"गाळ गिळंल तिला. दोर टाका."

दोर टाकला.
तिनं वही काढली. बोटीचा नंबर, माणसं किती,
कुठनं आला, कुठं निघाला.
ह्यानं माझ्याकडं पाहिलं, मी पाण्याकडं.
"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, आणि तो रकाना कोराच ठेवला.
कॅनमधलं डिझेल फडक्यातनं गाळून देताना
तिचा हात हलला नाही,
एक थेंब पाण्यावर सांडला, त्याचा मोरपिशी डाग
पसरत गेला, आम्ही तिघंही बघत बसलो.

शेजारी केळीवाल्यांचे पाइप पाण्यामागं धावत आलेले,
जोडावर जोड, जोडावर जोड,
आणि टोकाला तराफ्यावर एक मोटर
वीज यायची वाट बघत गप्प.

मी विचारलं, त्या पहारी कसल्या?
मागं चिखलात, पायऱ्यांपासून इथपर्यंत,
एकाखाली एक रोवलेल्या, गंजलेल्या.
"ही पाडव्याची," तिनं छत्रीच्या दांड्यानं दाखवलं.
"ती हनुमान जयंतीची. ती आखितीची.
पाणी खाली गेलं की धक्का उचलायचा,
पाण्याला थोडंच म्हणता येतंय, थांब म्हणून?
पोरगा लग्नाला गेलाय टेंभुर्णीला.
बरं झालं, तुमी आलात."

पैसे तिनं डिझेलचे घेतले. बांधून घेतल्याचे नाही.
त्याऐवजी आम्ही चपला काढल्या.

गाळ आधी गरम, मग घोट्याखाली एकदम गार,
शिंपल्यांचे तुकडे तळव्यांना टोचत.
आठ पिंपं, आणि एकातलं पाणी आत डुचमळत होतं.
ती पुढून ओढत होती, लुगड्याचा काष्टा कसून,
आम्ही मागून, दोन कोपऱ्यांना दोघं.
"जरा वर धर," तो म्हणाला.
सकाळपासूनचं पहिलं वाक्य.
"तूच खाली धरलंयस," मी म्हणाले.
चांगुणाबाई हसली, मागं न बघता.

वीसेक पावलं. धक्का पुन्हा पाण्यावर बसला,
हलला, सावरला.
खुर्ची ठेवली, छत्री बांधली,
तिनं नवी पहार घेतली आणि दगडानं ठोकली,
प्रत्येक ठोक्याला पाणबगळा थोडा लांब जाऊन बसायचा.
"बुद्धपौर्णिमेची," ती म्हणाली.
मग फडक्यातली कडक भाकरी मोडली,
चटणीची पुडी उघडली, आम्हाला न विचारता दिली.

निघालो तेव्हा उन्हं कलली होती.
लांब, उथळ पाण्यात, रोहित पक्षी
एका पायावर उभे, काही घाई नसलेले.
गाळ तळहातांवर सुकत आला होता,
मूठ मिटली की बारीक तडकायचा.
मी हात धुतले नाहीत, ह्यानंही.
सुकाणूवर त्याची करडी बोटं उमटत गेली.

"पुरलं असतं तसं डिझेल," मी म्हणाले.

बराच वेळ इंजिनच बोललं.

"नसतं पुरलं," तो म्हणाला.